गुस्ताव होल्स्टचा स्त्रीवृंद

गुस्ताव होल्स्ट (१८७४–१९३४) या इंग्लिश संगीतकाराचे नाव आज जगभर घेतले जाते ते मुख्यतः ‘द प्लॅनेट्स’ या एकाच वाद्यवृंद-रचनेसाठी. या रचनेच्या शेवटच्या भागात, ‘नेपच्यून’मध्ये, वाद्ये विरत जात असताना कुठून तरी स्त्रियांचे आवाज येऊ लागतात. गाणाऱ्या रंगमंचावर दिसत नाहीत आणि त्यांच्या तोंडी एकही शब्द नाही. बहुतेक श्रोत्यांना होल्स्टच्या स्त्रीवृंदाची ओळख होते ती इथेच, आणि इथेच ती संपते. वास्तविक १९०० ते १९३२ या काळात त्याने केवळ स्त्रियांच्या आवाजांसाठी लहानमोठ्या रचनांचा एक सलग प्रवाहच निर्माण केला. त्यात ऋग्वेदातील सूक्ते आहेत, कालिदास आहे, ग्रीक शोकनाट्यांतले विलाप आहेत आणि मध्ययुगीन लॅटिन कवितांवरचे कॅननही आहेत. ‘द प्लॅनेट्स’चा कर्ता ज्या शैलीसाठी ओळखला जातो, ती शैली बऱ्याच अंशी याच रचनांत घडली.

होल्स्टचा जन्म इंग्लंडमधल्या चेल्टनहॅम या गावी २१ सप्टेंबर १८७४ रोजी झाला. घराण्यात संगीत होते आणि वडील ऑर्गन व पियानो वाजवत. मुलाने पियानोवादक व्हावे ही त्यांची इच्छा, पण उजव्या हाताच्या मज्जातंतूंच्या दुखण्याने ती वाट बंद झाली. हे दुखणे त्याला जन्मभर पुरले. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये तो चार्ल्स स्टॅनफर्ड यांच्याकडे रचनाशास्त्र शिकला. तिथेच १८९५ मध्ये संगीतकार राल्फ व्हॉन विल्यम्सशी त्याची गाठ पडली आणि ही मैत्री अखेरपर्यंत टिकली. पियानो सुटल्यावर त्याने ट्रॉम्बोन हाती घेतला आणि काही वर्षे ऑपेरा कंपन्यांत व वाद्यवृंदांत वाजवून पोट भरले. १९०१ मध्ये इसोबेल हॅरिसन हिच्याशी त्याचा विवाह झाला. फिरतीचे जिणे संपवायचे तर कायमची नोकरी हवी होती, आणि संगीतकाराला मिळण्यासारखी कायमची नोकरी म्हणजे शिक्षकाची.

ती मिळाली मुलींच्या शाळांत. १९०४ पासून दक्षिण लंडनमधल्या डलविच येथील जेम्स ॲलन्स गर्ल्स स्कूलमध्ये तो शिकवू लागला. १९०५ मध्ये हॅमरस्मिथमधल्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये तो संगीत विभागाचा प्रमुख झाला आणि मरेपर्यंत ते पद त्याच्याकडे राहिले. १९०७ पासून मॉर्ली कॉलेज या प्रौढ कामकऱ्यांसाठीच्या संध्याकाळच्या संस्थेतही तो संगीत शिकवत असे. आठवड्याचे बहुतेक दिवस असे वर्गांत जात. स्वतःच्या लेखनाला उरत ते रविवार आणि सुट्ट्या. १९१३ मध्ये सेंट पॉल्स शाळेने संगीतासाठी नवी इमारत बांधली. तीत त्याच्यासाठी बाहेरचा आवाज आत न येणारी एक खोली होती, आणि त्याचे पुढचे बरेचसे लेखन तिथेच झाले.

चरित्रकार या नोकरीकडे अनेकदा प्रतिभेच्या पायातली बेडी म्हणून पाहतात. वेळेच्या हिशेबाने ते खरे आहे. पण रोज समोर बसणारे शेदीडशे मुलींचे आवाज हे कोणत्याही तरुण संगीतकाराला सहजी न मिळणारे साधनही होते. लिहिलेले दुसऱ्या दिवशी गाऊन घेता येई, फसले तर खोडता येई. लंडनमधल्या व्यावसायिक वाद्यवृंदाकडून अशी तालीम मिळवायची तर खिशात बराच पैसा लागला असता.

मुलींसाठी छापलेली त्या काळची समूहगीते त्याला अजिबात पसंत नव्हती. व्हिक्टोरियन दिवाणखान्यातल्या भाबड्या, गोडमिट्ट कवितांना तितकीच गुळचट चाल लावलेली ती गाणी बाजारात ढिगाने मिळत. होल्स्टने ती बाजूला सारली. त्याने मुलींकडून बाख, पॅलेस्ट्रिना, बर्ड आणि वील्क्स गाऊन घेतले. जुन्या ‘राउंड’ आणि ‘कॅनन’ या प्रकारांचा त्याने भरपूर वापर केला. यांत एकच सुरावट एका गटाने सुरू करायची आणि दुसऱ्याने थोड्या अंतराने तीच मागून उचलायची, म्हणजे प्रत्येक मुलीला पूर्ण सुरावट गायला मिळते आणि कुणीच नुसती साथीला उभी राहत नाही. १९१३ ते १९१६ या काळात त्याने जुनी गाणी स्त्रीआवाजांसाठी बसवून त्यांचा एक संचही तयार केला. तरीही पोकळी उरतच होती. मोठ्या बुद्धीच्या, ताज्या, स्त्रियांच्या आवाजाला शोभणाऱ्या रचना कमी होत्या. त्या त्याने स्वतःच लिहायला घेतल्या.

स्त्रीवृंदासाठी लिहिणे संगीतकाराला अडचणीचे का वाटते, हे इथे समजून घेतले पाहिजे. पाश्चात्त्य समूहगानाची नेहमीची मांडणी चार थरांची असते. स्त्रियांचे उंच सोप्रानो आणि खालचे आल्टो, पुरुषांचे टेनर आणि बास असे हे थर. एका वेळी वेगवेगळे स्वर लावून जो स्वरमेळ उभा राहतो त्याचा पाया बास धरतो. तो काढून घेतला की उरलेले सगळे आवाज सव्वादोन-अडीच सप्तकांच्या पट्ट्यात दाटीने उभे राहतात. स्वर जवळजवळ येतात, विसंवाद टोचू लागतो आणि संवाद मिळमिळीत होण्याची भीती असते. बहुतेक संगीतकार आल्टोकडून बासचे काम करून घेत. मग खालच्या पट्टीत गाणाऱ्या मुलींच्या वाट्याला दोनतीन कंटाळवाणे स्वर येत.

होल्स्टने बासची उणीव भरून काढायचा नाद सोडला. पायाविना तरंगणारा स्वरमेळ हाच त्याने हिशेबात धरला. आवाजांचे अख्खे झुबके तो एकाच दिशेने, समांतर सरकवतो. त्या काळच्या पाठ्यपुस्तकांनी हे निषिद्ध ठरवले होते. कधी तो सगळ्यांना एकाच सुरात गायला लावतो आणि मग अचानक तीन-चार वाटा फोडतो. कधी खालच्या थरात एखादा छोटा स्वरसमूह पुन:पुन्हा फिरता ठेवून त्यावर बाकीचे आवाज मोकळे सोडतो. भारतीय कानाला यातली शेवटची युक्ती परकी वाटणार नाही, पण ती त्याने घेतली ती पर्सेलसारख्या जुन्या इंग्लिश संगीतकारांकडून.

या प्रवाहातली पहिली महत्त्वाची रचना १९०० सालची ‘आवे मारिया’. ती शाळेच्या नोकरीआधीची आहे. आठ स्वतंत्र भागांत, म्हणजे चार-चार भागांच्या दोन वृंदांत ती मांडलेली आहे आणि साथीला एकही वाद्य नाही. होल्स्टची आई क्लारा तो सात वर्षांचा असताना वारली होती, आणि रचना तिच्या स्मृतीस अर्पण केली आहे. पंचविशीतल्या होल्स्टवर वॅग्नरचे गारूड होते. त्या सुमाराच्या त्याच्या बऱ्याच रचना या भाराखाली दबलेल्या वाटतात, पण ‘आवे मारिया’ तशी नाही. दोन वृंद एकमेकांच्या स्वरांवर स्वर ठेवत जातात. आठ भाग असूनही गुंता होत नाही. मात्र ती गायला सोपी नाही. आठही भाग भक्कम असलेला वृंद लागतो, आणि म्हणून ती क्वचितच ऐकू येते.

१९०५ मध्ये जेम्स ॲलन्स शाळेतल्या मुलींसाठी त्याने टेनिसनच्या ‘द प्रिन्सेस’ या दीर्घकाव्यातली गीते निवडली. १८४७ साली प्रसिद्ध झालेल्या या काव्यात एक राजकन्या फक्त स्त्रियांसाठी विद्यापीठ काढते आणि पुरुषांना तिथे प्रवेशबंदी असते. मुलींच्या शाळेतल्या संगीतशिक्षकाने नेमके हेच काव्य उचलावे, हा योगायोग नसावा. डोंगरदऱ्यांत घुमणाऱ्या शिंगांच्या प्रतिध्वनीवर असलेल्या गीतात त्याने मुलींचे दोन गट केले. एकाने गायचे आणि दुसऱ्याने दुरून उत्तर द्यायचे. आवाज कुठून येतो हाही संगीताचा भाग होऊ शकतो, ही कल्पना त्याच्याकडे इथे दिसते. तिचा पुरा विकास पुढे ‘नेपच्यून’मध्ये झाला.

आणखी एक रचना शाळेच्या चार भिंतींतच राहिली. सेंट पॉल्सच्या मुख्याध्यापिका फ्रान्सिस ग्रे यांनी ‘द व्हिजन ऑफ डेम क्रिश्चन’ नावाचे संगीतनाट्य लिहिले. मुलांच्या मूळ सेंट पॉल्स शाळेचा संस्थापक जॉन कॉलेट, त्याची आई म्हणजे ही डेम क्रिश्चन. १९०९ मध्ये होल्स्टने त्याला संगीत दिले. हे नाट्य फक्त शाळेतच सादर व्हायचे, बाहेर नाही, असे ठरले. त्यामुळे होल्स्टच्या अभ्यासकांतही ते नावापुरतेच माहीत असते.

भारताकडे तो वळला तो शिक्षक होण्याच्या आधी. शतक उलटण्याच्या सुमारास हिंदू धर्मग्रंथांविषयीची पुस्तके त्याच्या वाचनात आली. ऋग्वेदाची इंग्रजी भाषांतरे त्याने मिळवली, पण ती गाण्याजोगी नव्हती. एकेक ओळ लांबलचक आणि भाषा बोजड. मग त्याने संस्कृत शिकायला सुरुवात केली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये शिकवणाऱ्या पाली-संस्कृतच्या अभ्यासक डॉ. मेबल बोड या त्याच्या गुरू. तो संस्कृतचा पंडित झाला नाही. शब्दकोश उघडून, देवनागरी अक्षरे लावत, एकेका शब्दाचा अर्थ पाहत तो ऋचेचा आशय समजून घेई आणि मग तो थोडक्या, गाता येतील अशा इंग्रजी ओळींत मांडी. संहितेशी ताडून पाहिले तर या ओळी भाषांतरापेक्षा रूपांतराच्या जवळ जातात. विशेषणे गळतात, ऋचा गाळल्या जातात, देवतांची नावेही कधी मागे पडतात. पण त्या घशात अडकत नाहीत, आणि त्याला हवे होते ते एवढेच.

१९०७–०८ मध्ये त्याने एका आवाजासाठी आणि पियानोसाठी नऊ ‘वैदिक सूक्ते’ रचली. त्यांत उषा आणि वरुण आहेत, तसेच मंडूकसूक्तातले बेडूकही आहेत. त्यानंतर १९०८ ते १९१२ या काळात ‘कोरल हिम्स फ्रॉम द ऋग्वेद’ या नावाने वृंदगानाचे चार गट झाले. पहिला मिश्र वृंदासाठी आणि चौथा पुरुषांच्या आवाजांसाठी. मधले दोन स्त्रियांचे. दुसऱ्या गटात वरुण आणि अग्नी यांची सूक्ते आणि एक अंत्यगीत वाद्यवृंदाच्या साथीने गायचे आहे. त्याला वाद्यवृंद लागत असल्यामुळे तो फार क्वचित सादर होतो.

तिसऱ्या गटाला मात्र एक हार्प पुरते, आणि तीही नसेल तर पियानो चालतो. होल्स्टच्या स्त्रीवृंदाच्या रचनांत हा गट सर्वांत सुटसुटीत आणि बहुधा सर्वांत निर्दोष आहे. उत्तर इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न या गिरणीगावात फ्रँक डकवर्थ यांचा स्त्रियांचा वृंद होता. हा गट त्यांना अर्पण केलेला आहे. लँकेशायरच्या गिरणीगावांत समूहगानाची परंपरा जोरात होती. स्पर्धा होत, वृंदावृंदांत चुरस असे, आणि नवे, अवघड गाणे हवे असणारे गायक तिथे सापडत. लंडनचे प्रकाशक नाक मुरडत असताना होल्स्टला असे गायक तिथे भेटले.

गटात चार सूक्ते आहेत आणि सारी मिळून सुमारे बारा-तेरा मिनिटांत संपतात. पहिले उषेचे. ते संथ आणि दबक्या आवाजात चालते. स्वरांचे झुबके एकमेकांना धरून वरखाली सरकतात आणि हार्प फक्त आधारापुरती वाजते. या सूक्तात पहाट फाकते, पण लखलखाट कुठेच नाही. दुसरे जलदेवतांचे आहे. त्याचा आशय सातव्या मंडलातल्या समुद्राकडे धावणाऱ्या आणि मध्ये वरुणाला वागवणाऱ्या ‘आपः’च्या सूक्ताशी जुळतो. इथे हार्प खळाळत राहते, आवाज हलके होतात आणि दोनेक मिनिटांत सूक्त वाहून जाते. तिसरे वेनसूक्त. वेन ही ऋग्वेदातली बऱ्यापैकी गूढ देवता आहे आणि तिच्या नावे दहाव्या मंडलात एकच सूक्त आहे. भाष्यकारांनी तिचे निरनिराळे अर्थ लावले. होल्स्टने मात्र धुक्यातून उगवणारा सूर्य असा स्पष्ट अर्थ घेतला आणि रचनेच्या शीर्षकाखाली तसे लिहूनही टाकले. संगीत त्याच वाटेने जाते. सुरुवात अंधूक, आवाज जणू एकमेकांत मिसळलेले. मग स्वर हळूहळू चढतात, हार्पचे झंकार रुंदावतात आणि एका क्षणी सगळा वृंद पूर्ण प्रकाशात उभा राहतो. चारही सूक्तांतला हा सर्वोच्च बिंदू.

चौथे प्रवाशांचे. पहिल्या मंडलातला पूषा वाट दाखवणारा, चोर-लांडग्यांना हाकलून लावणारा देव आहे. त्याचेच हे सूक्त. मात्र होल्स्टने पूषाचे नाव घेतलेले नाही. ज्याला हाक घातली आहे तो या जगातल्या आणि पुढच्या जगाकडे जाणाऱ्या वाटांवरचा मार्गदर्शक, एवढेच तो सांगतो. हार्प एकच लहानसा स्वरसमूह पावलांसारखा सतत टाकत राहते आणि आवाज त्यावरून चालतात. रचना जोरात संपवण्याचा मोह कुणालाही झाला असता. होल्स्ट प्रवाशांना दूर जाऊ देतो.

या सूक्तांत भारतीय संगीत शोधू पाहणाऱ्याच्या पदरी निराशा येईल. होल्स्ट भारतात कधी आला नाही. राग, श्रुती, सामगायनाची पद्धत यांतले काही त्याने उसने घेतले नाही. घंटा-तंबोऱ्यांची नक्कल करून ‘पौर्वात्य’ वातावरण उभे करण्याची फॅशन त्या काळी युरोपात जोरात होती. तिच्यापासूनही तो दूर राहिला. त्याने वेदांकडून घेतला तो आटोपशीरपणा. वॅग्नरच्या अवजड वाक्यरचनेतून बाहेर पडायला त्याला लहान, घट्ट, मंत्रासारख्या ओळींची गरज होती. ऋग्वेदाच्या या रचनांत पाच किंवा सात मात्रांचे आवर्तन वारंवार येते, कारण इंग्रजी शब्दांचे आघात जिथे पडतील तिथे ताल वळवायचा, हे त्याने ठरवून टाकले होते. रूपक तालावर वाढलेल्या श्रोत्याला सातची चाल नवी नाही. ब्लॅकबर्नच्या बायकांना मात्र ती मोजून मोजून पक्की करावी लागली असणार.

१९११ मध्ये त्याने कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’तून दोन चित्रे घेतली, ‘वसंत’ आणि ‘ग्रीष्म’. पुन्हा स्त्रियांचे आवाज आणि हार्प. काव्यात ग्रीष्म आरंभी आणि वसंत शेवटी असला, तरी होल्स्टने वसंत आधी गाऊन घेतला. ‘टू ईस्टर्न पिक्चर्स’ या नावाने ही जोडी ओळखली जाते. ऋग्वेदाच्या तिसऱ्या गटापुढे ती जरा फिकी पडते. याच सुमारास ‘मेघदूता’वरची त्याची भव्य, मिश्र वृंदाची रचना पूर्ण होत आली होती. तिच्यावर त्याने मोठी आशा ठेवली होती. १९१३ मध्ये लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये ती सादर झाली आणि तिला थंडा प्रतिसाद मिळाला. त्याला याचे फार वाईट वाटले. मोठ्या आकाराच्या त्या रचनेपेक्षा लहान सूक्ते जास्त टिकली.

संस्कृतानंतर ग्रीक. गिल्बर्ट मरी या अभ्यासकाची युरिपिडीसच्या नाटकांची भाषांतरे त्या काळी रंगभूमीवर गाजत होती. होल्स्टने त्यातून दोन प्रवेश उचलले. ‘हेक्युबाज लॅमेंट’ (१९११) हा ट्रॉय पडल्यावर राणी हेक्युबाने केलेला विलाप एका आल्टो गायिकेसाठी, स्त्रीवृंदासाठी आणि वाद्यवृंदासाठी आहे. ‘हिम टु डायनायसस’ (१९१३) ‘बॅकी’ नाटकातून घेतलेले आहे. मूळ नाटकांतही इथला कोरस स्त्रियांचाच आहे. एकीकडे जेत्यांच्या ताब्यात सापडलेल्या ट्रॉयच्या बायका आणि दुसरीकडे डायनायससच्या भक्तीने भारलेल्या उन्मत्त स्त्रिया. मजकुरातच बोलणाऱ्या बायका असल्या, तर मुलींच्या वृंदाला पुरुषांची जागा भरून काढणारा बदली संघ म्हणून उभे राहावे लागत नाही. होल्स्टच्या निवडीत हे भान पुन:पुन्हा दिसते. लाडिक पऱ्या आणि फुलपाखरे यांच्या जागी त्याने शाळकरी मुलींच्या तोंडी शोक, उन्माद आणि मृत्यू दिला.

स्त्रीवृंद त्याच्या ऑपेरातही आला. ‘सावित्री’ हा १९०८–०९ मधला छोटा ऑपेरा. त्यात गाणारी पात्रे तीनच: सावित्री, सत्यवान आणि मृत्यू. वाद्ये जेमतेम बारा. अवधी सुमारे अर्धा तास. पडदा, नेपथ्य नसले तरी चालते, उघड्यावरही करता येतो. वटपौर्णिमेच्या कथेतली सासऱ्याची दृष्टी, राज्य, शंभर पुत्र ही वरांची चढती शिडी होल्स्टने काढून टाकली. इथली सावित्री मृत्यूकडे स्वतःसाठी जीवन मागते, आणि ते मिळाल्यावर सत्यवानाशिवाय ते जीवन अपुरे असल्याचे त्याच्या लक्षात आणून देते. कथेच्या मर्मस्थानी पडद्याआडून वृंदाचा आवाज येतो, शब्दांशिवाय. सुरुवातीला हा वृंद मिश्र होता. ५ डिसेंबर १९१६ रोजी लंडनमध्ये झालेल्या पहिल्या प्रयोगाचे संचालक हर्मान ग्रुनेबाउम यांनी तो फक्त स्त्रियांचा करावा असे सुचवले आणि होल्स्टने त्याप्रमाणे पुन्हा लिहिला. त्या बदलाने ऑपेरा हलका झाला. अरण्याचा आवाज कुणा माणसांचा वाटेनासा झाला.

‘द प्लॅनेट्स’ १९१४ ते १९१६ या काळात शाळेतल्या त्या खोलीत लिहिले गेले. हाताच्या दुखण्यामुळे एवढी मोठी संहिता एकट्याने उतरवणे त्याला शक्य नव्हते. नोरा डे आणि व्हॅली लास्कर या शाळेतल्या सहकारी शिक्षिका, तसेच त्याची माजी विद्यार्थिनी जेन जोसेफ यांनी त्याच्या सूचनांनुसार ती लिहून काढली. ‘नेपच्यून’साठी त्याने प्रत्येकी तीन भागांचे दोन स्त्रीवृंद घेतले. ते बाजूच्या खोलीत बसवायचे, मधले दार उघडे ठेवायचे, आणि शेवटच्या मापाशी (‘बार’शी) ते आवाज न करता, सावकाश लावून घ्यायचे, असे संहितेत लिहिले आहे. शेवटचे माप आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत पुन:पुन्हा गायचे. २९ सप्टेंबर १९१८ रोजी क्वीन्स हॉलमध्ये एड्रियन बोल्ट यांच्या संचालनाखाली निमंत्रितांसमोर पहिला प्रयोग झाला. खर्च होल्स्टचा संगीतकार मित्र बाल्फर गार्डिनर याने उचलला होता. दाराआड गायला उभ्या होत्या सेंट पॉल्स आणि मॉर्ली कॉलेजच्या गायिका. वृंद दूर ठेवण्याची युक्ती त्याने डलविचच्या मुलींवर आधीच करून पाहिली होती, शब्दाविना गाण्याची ‘सावित्री’त, आणि समांतर सरकणाऱ्या स्वरांची ऋग्वेदात.

‘द प्लॅनेट्स’च्या यशाने होल्स्ट प्रसिद्ध झाला, आणि प्रसिद्धी त्याला मानवली नाही. फेब्रुवारी १९२३ मध्ये रेडिंग येथे विद्यार्थ्यांच्या वृंदाचे संचालन करताना तो मंचावरून पडला आणि डोक्याला मार बसला. पुढच्या वर्षी त्याला सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. बहुतेक नोकऱ्या सुटल्या, सेंट पॉल्स तेवढी राहिली. १९२५–२६ मध्ये त्याने रॉबर्ट ब्रिजेस या तत्कालीन राजकवीच्या कवितांवर स्त्रीवृंद व तंतुवाद्यांसाठी सात गीते लिहिली. वीस वर्षांपूर्वीच्या टेनिसन-गीतांशी तुलना केली तर फरक लगेच जाणवतो. इथे सजावट जवळजवळ नाही. तंतुवाद्ये एखादा स्वर धरून राहतात आणि आवाज विरळ, नेमके असतात. काही गीते एवढी आटलेली आहेत की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती कोरडी वाटावीत. शेवटचे, सर्वांत मोठे गीत मात्र वेगळे आहे. नियोजित वराच्या मृत्यूच्या शोकाने मरण पावलेल्या एका स्त्रीचे ते शोकगीत आहे. एकल सोप्रानो आणि वृंद यांच्यातला त्यातला संवाद होल्स्टच्या उत्तरकाळातील सर्वोत्तम पानांत गणला पाहिजे. ही सात गीते ज्या उपेक्षेत पडून आहेत तिचे समर्थन करता येत नाही.

१९३२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात पाहुणा अध्यापक असताना तो गंभीर आजारी पडला. त्याच वर्षीचे आठ कॅनन ही या प्रवाहातली शेवटची मोठी भर. हेलन वॅडेल यांनी मध्ययुगीन लॅटिन कवितांची केलेली इंग्रजी भाषांतरे १९२९ मध्ये प्रसिद्ध झाली होती, शब्द त्यांतलेच. हे कॅनन समान पट्टीच्या आवाजांसाठी आहेत, त्यामुळे सगळ्याच स्त्रिया किंवा सगळेच पुरुष ते गाऊ शकतात. सहांना साथ नाही, दोहोंना पियानो आहे. शाळेतल्या राउंडचाच हा प्रकार, पण इथे प्रत्येक आवाज वेगळ्या पट्टीत गातो. एकीचा षड्ज दुसरीच्या षड्जाशी जुळत नाही आणि तरी सुरावट तीच. कागदावर हे गणित वाटते. नीट बसवलेला वृंद गाऊ लागला की दोन-तीन प्रकाशझोत एकाच वस्तूवर वेगवेगळ्या कोनांतून पडल्याचा भास होतो. नीट न बसवलेल्या वृंदाकडून ते ऐकणे ही शिक्षा आहे. २५ मे १९३४ रोजी शस्त्रक्रियेनंतर होल्स्टचे लंडनमध्ये निधन झाले. त्याचा रक्षाकलश चिचेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये ठेवण्यात आला.

या रचना मागे पडण्याची कारणे बरीचशी व्यावहारिक आहेत. इंग्लंडच्या मोठ्या गायनसंस्था मिश्र वृंदांच्या होत्या, आणि चर्चची परंपरा मुलगे व पुरुषांची होती. निव्वळ स्त्रियांचे वृंद शाळा-कॉलेजांत आणि गावोगावच्या मंडळांत असत. व्यावसायिक मैफलीत त्यांना जागा नसे. समीक्षकांची लेखणीही तिकडे फारशी वळली नाही, कारण शाळेसाठी लिहिलेले ते दुय्यम असा समज घट्ट होता. शिवाय काही रचनांना स्त्रीवृंदाबरोबर पूर्ण वाद्यवृंद लागतो. शाळेकडे वाद्यवृंद नाही आणि वाद्यवृंदाकडे स्त्रीवृंद नाही, अशा कात्रीत त्या सापडल्या.

त्यांना पुन्हा उजेडात आणण्याचे मोठे श्रेय होल्स्टची एकुलती मुलगी इमोजेन (१९०७–१९८४) हिला जाते. ती स्वतः सेंट पॉल्सची विद्यार्थिनी होती आणि पुढे संगीतकार व संचालक झाली. वडिलांच्या संगीताची ती कठोर परीक्षक होती. फसलेल्या पानांना तिने चरित्रात आणि विवेचनात फसलेलेच म्हटले, त्यामुळे तिच्या स्तुतीलाही वजन आले. १९६० च्या दशकात तिने पर्सेल सिंगर्स या आपल्या वृंदाबरोबर ऋग्वेदाचा तिसरा गट ध्वनिमुद्रित केला. हार्पवर ओशियन एलिस होते. तिच्याच संचालनाखाली ‘सावित्री’चेही ध्वनिमुद्रण झाले, त्यात सावित्रीची भूमिका जॅनेट बेकर यांनी गायली. या ध्वनिमुद्रणांनंतर तिसरा गट स्त्रीवृंदांच्या नेहमीच्या कार्यक्रमांत येऊ लागला. १९४२ मध्ये बेंजामिन ब्रिटनने उंच आवाज आणि हार्प यांच्यासाठी ‘अ सेरेमनी ऑफ कॅरल्स’ लिहिले होते आणि ते जगभर गाजले होते. एकाच हार्पच्या साथीने दोन्ही रचना गाता येत असल्यामुळे वृंदांनी त्या एका कार्यक्रमात बसवणे सोयीचे झाले. दुसरा गट, ग्रीक विलाप आणि ब्रिजेसची गीते यांची ध्वनिमुद्रणे त्यामानाने उशिरा आणि तुरळक झाली. त्यांचा प्रत्यक्ष प्रयोग आजही विरळाच.